जाळी बारीक असावी

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी साडेबारा. भातगिरणीतल्या पॉलिशच्या खोलीत नित्याची नोंद घेत उभा होतो, म्हणूनच निभावले. चांगुणाबाई रिकामे पोते उचलायला वाकल्या. पंख्याने आधी पोते ओढले, मागोमाग त्यांचा पदर. मी बटण दाबले. पाती थांबेपर्यंत पदराचा काठ फाटून चिंध्या झालेला. बाई दोन्ही हात भिंतीला टेकून उभ्या.

"पदर गेला, भाऊसाहेब. बाई ऱ्हायली," असे म्हणून हसल्या. मग खाली बसून फाटका काठ गुंडाळून खोचला.

पंख्याचे तोंड भिंतीत, छातीच्या उंचीला, दीड फूट व्यासाचे, आजवर उघडे. पॉलिश करताना तांदळावरून निघणारा कोंड्याचा धुरळा ओढून मागच्या बंद कोठीत टाकणे, एवढेच त्याचे काम. पाती हातभर आत आहेत, त्यामुळे कोणालाही भय वाटले नाही. मलाही नाही. सात वर्षे त्या तोंडाशेजारी उभा राहून आकडे लिहितो आहे.

सुभाषराव (मालक) धावत आले. चेहरा पांढरा. "उद्याच्या उद्या जाळी बसवा. वरव्याच्या दत्तूला कळवा."

दत्तू वेल्डर फोन उचलत नाही. टेम्पोवाल्याबरोबर चिठ्ठी दिली. जाडजूड तारांनी वारा अडतो एवढे मला कळते. त्याप्रमाणे बजावून लिहिले.

नोंद: काचेच्या वाकड्या नळीतले पाणी २१ मि.मी., मोटर १०.२ अँपिअर. नेहमीप्रमाणे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दत्तूने जाळी बसवली. गोल चौकट, चार खिट्ट्या, काम स्वच्छ. मी खोलीत गेलो तेव्हा तो निघून गेलेला.

पाणी ३३. अँ. ९.४.

दोनदा पाहिले. ही नळी तोंडापासून वीतभर आत, पाइपाला जोडलेली आहे. पाणी जितके चढेल तितकी पंख्याची ओढ. बारा मि.मी. वाढ! आणि मोटरवरचा भार उलट कमी. रजिस्टरच्या शेऱ्यात लिहिले: "जाळी बसविल्यानंतर ओढ वाढली." सुभाषरावांना दाखवले. ते म्हणाले, "बघा, बाईच्या पदराच्या पुण्याईनं पंखा सुधारला."

बऱ्याच दिवसांनी कामावरून घरी येताना बरे वाटले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पाणी ४१. अँ. ८.६. ओढ रोज वाढते आहे.

खिडकीच्या चौकटीवर मात्र पिठासारखा थर. यंदाचा भात जास्त वाळलेला असावा. सौ. म्हणाली, "तुमच्या सदऱ्याची कॉलर हल्ली पांढरी येते." मी म्हटले, केसही पांढरेच आहेत. ती हसली नाही.

चांगुणाबाईंना खोकला. थंडी पडू लागली आहे. भोरात निम्मा बाजार खोकतो आहे.

गुडघा दुखतो. चोपन्नाव्या वर्षी दिवसातून सहा वेळा जिना चढून आकडे घेणे. बी.कॉम. झालेल्या माणसाकडे पंखा कसा आला? "भाऊसाहेब, तुमचं अक्षर चांगलं," एवढ्या एका कारणाने.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊसाहेब, पंखा वढत न्हाई."

मी रजिस्टर उघडून दाखवले. पाणी ४९. सात वर्षांत इतके कधी चढलेले नाही.

"व्हय, वहीत वढत आसंल. हितं बघा की." चिमूटभर कोंडा घेऊन तोंडासमोर सोडला. कोंडा जरासा तिकडे सरकला आणि त्यांच्याच पायांवर पडला. "आदी कसा सुटायचा, गोफणीतल्या खड्यावानी. आता माज्याच पायी पडतुया."

बायका हसल्या. त्यांच्याबरोबरची शेवंता म्हणाली, "आक्का, तुज्या पाया पडतोय त्यो. आशीर्वाद दे."

मी सांगितले की डोळ्यांनी वारा मोजता येत नाही. त्यासाठी नळी असते. वाक्य बरोबर होते. बोलताना आवाज चढला, तो चढायला नको होता.

२ डिसेंबर, मंगळवार

नको तो प्रकार झाला. दुपारी भाकरी खाऊन आल्यावर चांगुणाबाईंनी आणि शेवंताने खिट्ट्या फिरवून जाळी काढली, भिंतीला टेकवून ठेवली आणि पंखा चालू करून कामाला बसल्या. मी दीडच्या नोंदीला गेलो तेव्हा तोंड उघडे. आधी आकडे लिहून घेतले (सवय), मग पंखा बंद केला. तेवढ्यात सुभाषराव आत आले.

"पंधरा दिवसांपूर्वी मरता मरता वाचलात ना? उद्या हात गेला तर कोणाच्या दारात उभं राहायचं मी?"

"आन् छाती गेली तर?" बाई म्हणाल्या. "ती काय दिसत न्हाई म्हून चालतंय व्हय?"

मालकांचा राग चुकीचा होता असे म्हणवत नाही. जाळी काढणे हा गुन्हाच. शेवंता रडली, तिला समज देऊन सोडले. चांगुणाबाई रडल्या नाहीत. त्यांना सांगितले, उद्यापासून येऊ नका.

मला म्हणाले, "तुम्ही नीट लेखी करून ठेवा. तुमचं लिहिलेलं कोणी खोडत नाही."

लिहिले. "पंख्याची ओढ वाढलेली असताना सदर कामगार स्त्रीने संरक्षक जाळी विनाकारण काढली." खाली सही, तारीख, वेळ.

बाई डबा घेऊन जाताना मला म्हणाल्या, "येते, भाऊसाहेब." इतकेच.

३ डिसेंबर, बुधवार

विनाकारण. हा शब्द मी न विचारता, सवयीने घातला. असे शब्द आमच्या हाताशी तयार असतात: सदर, उपरोक्त, विनाकारण.

४ डिसेंबर, गुरुवार

परवाच्या दीड वाजताच्या नोंदीकडे आज नीट पाहिले. जाळी काढलेली असताना: पाणी २१, अँ. १०.२.

म्हणजे जाळी काढली की ओढ कमी. पण त्या वेळी खोली स्वच्छ होती. दारातून समोरची भिंत स्पष्ट दिसत होती, हे मला पक्के आठवते. आज पाणी ५२ आणि शेवंताने तोंडाला फडके बांधलेले.

दोन्ही एकाच वेळी कसे खरे असेल? पाणी गळते का म्हणून नळी तपासली. गळत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

ज्यांच्याकडून पंखा घेतला त्या पुण्याच्या दुकानात फोन. पलीकडे कोणी वयस्क गृहस्थ, अतिशय शांत.

"तुमची नळी जाळीच्या बाहेर की आत?"

आत. जाळी आणि पाती यांच्या मध्ये.

"मग ती तुम्हाला जाळीचा अडथळा दाखवते, साहेब. शहाळं पिता ना? नळी चिमटीत धरून ओढून बघा. गाल आत जातात. पाणी येत नाही."

मी मोटरचे विचारले. "हवाच कमी उचलायची म्हटल्यावर मोटर आराम करणार. या पंख्याचे अँपिअर पडले की समजायचं, वारा पडला."

पंख्याबरोबर आलेल्या तक्त्यातले आकडे वाचून दाखवले. "तो तक्ता उघड्या तोंडाचा. चाचणीला पंखा ठेवतात तेव्हा समोर काही नसतं. जाळी तुमची, धूळ तुमची."

फोन ठेवल्यावर रजिस्टर १९ तारखेपासून पुन्हा वाचले. सतरा दिवस गाल आत जात होते आणि मी सुवाच्य अक्षरात लिहीत होतो की पाणी येते आहे.

६ डिसेंबर, शनिवार

पंखा बंद करून जाळीवरून ब्रश फिरवला. कोंड्याची पोळी निघाली, अखंड, गोल. चालू केल्यावर पाणी ३३. अर्ध्या तासात ३६. दुपारपर्यंत ४४.

भोके जेमतेम साबुदाण्याएवढी. हे मी १९ तारखेलाच पाहायला हवे होते. मी नळी पाहत होतो.

दत्तूने सरळ चाळण आणून बसवली. सोमवारी वरव्याला जाऊन त्याला जाब विचारणार. मी स्पष्ट लिहिले होते.

८ डिसेंबर, सोमवार

वरवे. दत्तूचे शेड रस्त्याला लागूनच. तो फाटकाला रंग देत होता. त्याचे ऐकायच्या आत मी बोलून घेतले: निष्काळजीपणा, वारा, एका बाईचे काम गेले.

त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. आत गेला. खिळ्याला टोचलेल्या कागदांतून एक काढून आणला.

"वाचा. अक्षर तुमचंच हाय."

"पंख्याच्या तोंडास मजबूत जाळी बसवावी. जाळी बारीक असावी."

मी म्हणालो, बारीक म्हणजे तार बारीक. वारा अडू नये म्हणून.

"भाऊसाहेब, बारीक जाळी म्हंजे बारीक भोकाची. आख्ख्या तालुक्यात कुणालाबी इचारा. कोंबड्यांची ती मोठी जाळी, डासांची ती बारीक. तारंचा शबुद कुठाय ह्यात?"

कुठेही नाही. तीन शब्दांचे वाक्य, त्यात एक शब्द कमी. दुसऱ्यांच्या पत्रांतील ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले.

"मला वाटलं, भाऊसाहेबांनी बारीक म्हटलंय तर लईच बारीक घ्यावी. पुण्यास्नं मागवली खास." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "चा घेता का? बसा जरा. तोंड उतरलंय तुमचं."

चहा घेतला. चिठ्ठी मागितली. त्याने दिली नाही. "ऱ्हाऊ द्या माज्याकडं. पुन्हा कुणी माज्यावर आलं तर?" बरोबर आहे त्याचे.

१० डिसेंबर, बुधवार

सुभाषरावांना सगळे सांगितले. नळी, शहाळे, चिठ्ठी. काहीही गाळले नाही.

त्यांनी ऐकून घेतले. माणूस वाईट नाही. "नवी जाळी करा. उद्याच करा. पण रजिस्टर आहे तसं राहू द्या."

का, म्हणून विचारले.

"तुम्हीच लिहायचं विनाकारण आणि तुम्हीच खोडायचं? उद्या शेवंता जाळी काढेल आणि म्हणेल, कारण होतं. मग?"

जाळी काढली हे चूक. पण विनाकारण काढली नाही. ही दोन वाक्ये एका रजिस्टरात शेजारी शेजारी राहू शकतात, असे मला वाटते. सुभाषरावांना वाटत नाही.

चांगुणाबाई लेकीकडे वेल्ह्याला गेल्याचे शेवंताकडून कळले. खोकला आहेच.

१३ डिसेंबर, शनिवार

दत्तू मापे घ्यायला आला. पुण्याच्या गृहस्थांनी फोनवर सांगितलेले त्याला समजावले: जाळी तोंडावर सपाट चिकटवायची नाही, कारण वारा सर्वांत जोरात तिथेच असतो आणि अडथळाही तिथेच सर्वांत जास्त लागतो. त्याऐवजी पिंजरा. अडीच फूट रुंद, तितकाच उंच, भिंतीपासून फूटभर पुढे, समोर आणि चारी बाजूंना जाळी. तीच हवा पुष्कळ जास्त भोकांतून सावकाश येईल. वेग निम्मा झाला की अडथळा चौथाई होतो. शिवाय पाती इतकी दूर गेल्यावर भोक मोठे ठेवले तरी हात पोचत नाही.

मी खिशातून पेन काढले. दत्तू म्हणाला, "लिवू नका, भाऊसाहेब, हात जोडतो. भोक केवढं ते बोटानं दावा."

दोन बोटे जोडून दाखवली. त्याने त्यांवरून माप घेतले. "तार?" करंगळीच्या नखाची कड दाखवली. "हां. आता कळलं," म्हणाला. शेवंता तोंडाचे फडके काढून हसत होती. मलाही हसू आले असते, पण थकलो आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

पिंजरा बसला.

पाणी २२. अँ. १०.१.

उघड्या तोंडापेक्षा एक मि.मी. जास्त. हे शून्य होणार नाही. समोर काहीही ठेवले की काही ना काही द्यावेच लागते. पण एक देणे आणि एकतीस देणे यांत फरक आहे. रोज दोनदा ब्रश फिरवायचा, असा नियम लिहून लावला. लावण्यापूर्वी शेवंताला मोठ्याने वाचायला सांगितले आणि तिला काय समजले ते विचारले. बरोबर समजले होते.

शेवंताने चिमूटभर कोंडा सोडला. सुटला तो सरळ आत. "आक्का पायजे व्हती आज," ती म्हणाली.

१८ डिसेंबर, गुरुवार

रजिस्टर, २ डिसेंबरचे पान. "विनाकारण" या शब्दावर एक आडवी रेघ, खालचा शब्द वाचता येईल अशी. "ओढ वाढलेली असताना" यावरही. समासात: "नळीचा अर्थ मी चुकीचा लावला. जाळी कोंड्याने बंद झाल्याने खोलीतील वारा कमी झाला होता व धुरळा वाढला होता. जाळी बारीक भोकांची आली ती माझ्या चिठ्ठीतील अपुऱ्या शब्दांमुळे. कामगार स्त्रीने याविषयी २८ नोव्हेंबरला तोंडी सांगितले होते. पंखा बंद न करता जाळी काढणे धोक्याचेच होते. परंतु कारण होते." सही. तारीख.

मग थांबलो. बाईंनी पंखा बंद करूनच जाळी काढली होती आणि नंतर चालू केला होता. "बंद न करता" हेही चूक. सवय! पुन्हा रेघ मारली, वर लिहिले: "जाळीशिवाय पंखा चालविणे". पुन्हा लहान सही. सत्तावीस वर्षांत माझ्या हाताचे इतके घाण पान झालेले नाही.

सुभाषरावांच्या टेबलावर उघडे ठेवून आलो. संध्याकाळी रजिस्टर परत माझ्या टेबलावर होते, मिटलेले. जाताना सुभाषराव म्हणाले, "शनिवारी रजा हवी होती ना तुम्हाला? घ्या." मी रजा मागितलेली नव्हती.

२० डिसेंबर, शनिवार

एसटीने नसरापूर, तिथून दुसरी वेल्ह्याला. खिडकीची काच खिळखिळी, रस्ताभर गार वारा छातीवर. बाजारात तहसील कचेरीच्या पुढे विचारत गेलो. लेकीचे नाव संगीता. तिने पाणी दिले, ओळख विचारली, आणि ओळख कळल्यावर दारातच उभी राहिली.

"आता काय ऱ्हायलं लिवायचं?" तिने विचारले.

"यिऊ दे गं त्यांना आत," आतून चांगुणाबाई. "लांबून आलेत. गुडघा हाय त्यांचा."

बाई उन्हाच्या तुकड्यात बसलेल्या. आवाज बसलेला. बोलताना मध्ये मध्ये थांबतात, खोकून घेतात, पुढचे वाक्य तिथूनच जोडतात. संगीता म्हणाली, सरकारी दवाखान्यात दाखवले, गोळ्या दिल्यात, फोटो काढायचाय छातीचा.

समासातला मजकूर मी कागदावर उतरवून नेला होता. वाचून दाखवला. बाईंनी "कारण होते" पुन्हा वाचायला लावले.

"कारण व्हतं. बरं झालं लिवलंत." थोडे थांबून, "पर वहीत तर आदीबी वढतच व्हतं, भाऊसाहेब."

पिंजऱ्याचे सांगितले. आकडे सांगू लागलो, तर त्यांनी हात करून थांबवले.

"संगे, माजं त्ये लुगडं आण."

तेच लुगडे. फाटलेल्या काठाची चिंधी अजून लोंबत होती. वीतभर फाडून त्यांनी माझ्या हातात दिली. "ह्यो बांधा तुमच्या पिंजऱ्याला. नळीचं मला सांगू नका. ह्यो वढतुया का, सकाळी बघा, दुपारी बघा. आन् हाय तसं सांगा."

मालकांनी परत बोलावले आहे का, हे त्यांनी विचारले नाही. बोलावलेले नाही, हे मी आपण होऊन सांगितले. "मला ठाव हाय," म्हणाल्या.

निघताना संगीताने मोबाईल नंबर दिला. तिने सांगितला, मी लिहिला. मग तिने कागद मागून घेऊन आकडा न् आकडा ताडून पाहिला.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी सात. चिंधी पिंजऱ्याच्या मधल्या तारेला बांधली. हिरवी, काठाला पिवळी रेघ. पंखा चालू करताच ती आत वळली आणि तोंडाकडे सरळ आडवी राहिली. शेवंताने काम थांबवून पाहिले. नळीकडे मी नंतर गेलो. पाणी २२.

सुभाषराव आले, चिंधी पाहिली. "हे काय?"

"चांगुणाबाईंनी दिलंय."

"येणार आहेत का त्या?" हे त्यांनी विचारले. मी उत्तर देण्याआधीच गल्ल्याकडे निघून गेले.

दुपारी अडीच. तारांवर कोंड्याची जळमटे. चिंधी दोन बोटे खाली आलेली. पाणी २४. पंखा बंद करून ब्रश फिरवला. पुन्हा सरळ.

पावणेतीनला वेल्ह्याला फोन. संगीताने उचलला. "वढतंय का?"

सकाळी पूर्ण सरळ, दुपारी दोन बोटे खाली, ब्रश फिरवल्यावर पुन्हा सरळ, असे सांगितले. तिने ते शब्द तसेच्या तसे आत सांगितलेले ऐकू आले. मग बराच वेळ फोनमध्ये खोकला. तो थांबण्याची मी वाट पाहिली.

"आय म्हनती, दोन बोटं म्हंजे कुनाची?"

माझी, म्हणालो. पुन्हा आत निरोप गेला. आत काहीतरी बोलणे झाले, ते कळले नाही.

"बरं. सांगते," संगीता म्हणाली आणि फोन ठेवला. काय सांगते, कोणाला, कधी, हे विचारायचे राहून गेले.

हजेरीवहीत २ तारखेनंतर चांगुणाबाईंच्या नावापुढे रोज मी गैरहजेरीची फुली मारतो आहे. आज मारली नाही. उद्याचाही चौकोन कोरा ठेवतो.